फोनवर इंग्रजीत ‘कोण बोलतंय?’ कसं विचारायचं: बेळगावकडच्या नवख्यांसाठी

उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मी टेबलाला बसले, त्या दिवशी पहिला इंग्रजी फोन मी ‘हॅलो, हू आर यू?’ म्हणत उचलला. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो माणूस अगदी सावकाश म्हणाला, ‘आय ॲम युवर कस्टमर.’ शेजारच्या टेबलावरचे अकाउंटंट काका टॅली बंद करून हसत बसले होते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमात. पुढं बी.कॉम. बेळगावात. घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी. इंग्रजी वाचता यायचं, लिहिताही यायचं. पण समोर माणूस नाही, तोंड दिसत नाही, आणि कानात कोईमतूरचा किंवा जर्मनीचा आवाज घुमतोय, अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आज आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलामुलींना मीच हे शिकवते. तेच इथे क्रमानं लिहिते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आपल्याकडे फोन उचलला की आधी विचारतात, ‘कोण बोलतंय?’ कन्नडमध्येही तसंच, ‘यार्री?’ यात कुणाला काही वाईट वाटत नाही. इंग्रजीत मात्र उलटी रीत आहे: आधी आपलं नाव सांगायचं, मग समोरच्याचं विचारायचं. खालच्या बहुतेक पायऱ्या यातूनच निघतात.

टेबलावर काय हवं

फार काही नको. एक वही, दोन पेनं (एक हमखास चालत नाही), ऑफिसातल्या लोकांची नावं, हुद्दे आणि एक्स्टेन्शन नंबर लिहिलेला कागद, आणि एका पुठ्ठ्यावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात: तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, कंपनीचा पूर्ण पत्ता पिन कोडसह, आणि कंपनीचा फोन नंबर. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग कशाला लिहायचं, असं वाटेल. घाबरल्यावर माणूस स्वतःचं आडनावसुद्धा उलटं सांगतो. मी सांगितलंय.

१. फोन उचलल्यावरचं पहिलं वाक्य

ऑफिसचा फोन असेल तर क्रम असा: नमस्कार, कंपनीचं नाव, तुमचं नाव, मग मदतीची विचारणा.

‘गुड मॉर्निंग, अमुक कास्टिंग्ज, सुनीता स्पीकिंग. हाऊ मे आय हेल्प यू?’

(उदाहरणात सगळीकडे सुनीता पाटीलच घेते. बेळगाव जिल्ह्यात दगड मारला तर एका तरी पाटलाला लागतो.)

वाक्य लांब वाटलं तरी ते एका श्वासात उरकू नका. कंपनीचं नाव रोज शंभरदा बोलून आपल्या तोंडात त्याचा चुरा होतो, पण ऐकणारा ते पहिल्यांदा ऐकत असतो. ‘गुड मॉर्निंग’चा एक वेगळाच उपयोग आहे. फोन जोडला जाताना पहिला अर्धा शब्द बऱ्याचदा कापला जातो. तो नमस्काराचा गेला तर चालतं, नावाचा गेला तर पंचाईत.

स्वतःचा मोबाईल असेल तर नुसतं ‘हॅलो’ पुरतं. हा शब्द घराघरात रुळला तोही फोनमुळेच. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलला फोनवर खलाशांची ‘अहॉय’ ही हाळी हवी होती. ‘हॅलो’ सुचवला एडिसननं, १८७७ साली. एडिसन जिंकला, नाहीतर आज आपण गणपत गल्लीत उभं राहून ‘अहॉय, मामा’ म्हणत असतो.

इथला नेहमीचा खड्डा म्हणजे ‘येस, टेल मी.’ मराठीत ‘हां, बोला’ आणि इकडच्या कन्नडमध्ये ‘हेळ्री’ हे दोन्ही मायेचे शब्द आहेत. त्यांचं शब्दशः इंग्रजी केलं की हुकूम होतो. ‘टेल मी’ बेंगळूरुवाल्याला खटकणार नाही, तो स्वतःही तेच म्हणतो. पण बाहेर देशातल्या माणसाला वाटतं की आपण त्याची उलटतपासणी घेतोय. त्यापेक्षा ‘येस, प्लीज गो अहेड’ किंवा ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ म्हणा.

२. आपण फोन लावतो तेव्हा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी सुनीता बोलतेय.’ त्याचं सरळ इंग्रजी होतं ‘आय ॲम सुनीता स्पीकिंग’, आणि तिथेच घोटाळा होतो. इंग्रजीत फोनवर ओळख देताना ‘आय’ बाजूला ठेवतात आणि ‘धिस’ वापरतात:

‘धिस इज सुनीता पाटील.’
‘धिस इज सुनीता पाटील स्पीकिंग.’
‘सुनीता पाटील स्पीकिंग.’ (हे फोन उचलताना जास्त शोभतं.)

समोरासमोर हात मिळवताना ‘आय ॲम सुनीता’ अगदी बरोबर आहे. फोनवर मात्र माणूस नसतो, नुसता आवाज असतो, आणि ‘हा आवाज सुनीताचा’ असं सांगायचं असतं, अशी मी माझी समजूत करून घेतली. व्याकरणाच्या मास्तरांना ती पटेल न पटेल, पण ती लक्षात राहिली. समोरचा तुम्हाला ओळखतच नसेल तर ‘माय नेम इज सुनीता पाटील, आय ॲम कॉलिंग फ्रॉम अमुक कास्टिंग्ज इन बेळगावी’ हेही छान चालतं. ‘आय ॲम’ला बंदी नाही, फक्त त्याला ‘स्पीकिंग’ची शेपटी जोडू नका.

आता तीन रूपं, जी आपल्याकडे सर्रास ऐकू येतात आणि तोंडातून काढून टाकायला हवीत.

‘मायसेल्फ सुनीता.’ मुलाखतीच्या क्लासमधून आलेला रोग. ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘स्वतः’, ‘मी’ नव्हे. मराठीत कुणी ‘स्वतः सुनीता’ अशी ओळख करून दिली तर कसं वाटेल?

‘सुनीता धिस साईड.’ हे उत्तरेकडच्या कॉल सेंटरांतून आपल्याकडे उतरलं. ‘इकडून सुनीता बोलतेय’ याचं भाषांतर. भारतात समजतात, बाहेर कुणालाच कळत नाही.

‘धिस इज मिस्टर पाटील.’ स्वतःच्या नावाआधी मिस्टर लावणं म्हणजे ‘मी पाटीलसाहेब बोलतोय’ म्हणण्यासारखं. डॉक्टर ‘धिस इज डॉक्टर अमुक’ म्हणतात ते खपतं, कारण ते त्यांचं काम सांगतं. बाकीच्यांनी नुसतं नाव सांगावं.

नाव सांगितलं की लगेच कुणाशी बोलायचंय ते सांगा. ‘मे आय स्पीक टु मिस्टर राव, प्लीज?’ किंवा ‘कुड आय स्पीक टु समवन इन परचेस, प्लीज?’ मराठीत आदर ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘आहेत’ यांत असतो. इकडच्या कन्नडमध्ये तो क्रियापदाच्या शेवटच्या ‘री’ला लटकलेला असतो. इंग्रजीत यातलं काही नाही, मालकालाही ‘यू’ आणि पोऱ्यालाही ‘यू’. म्हणून सगळा आदर ‘मे’, ‘कुड’ आणि ‘प्लीज’ या तीन शब्दांत भरावा लागतो. ‘आय वाँट टु टॉक टु राव’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण कानाला ते ‘रावला बोलव’ असंच लागतं.

३. ‘तो मीच’ कसं म्हणायचं

कुणी विचारलं, ‘मे आय स्पीक टु सुनीता पाटील?’ आणि ती तुम्हीच असाल, तर एकच शब्द: ‘स्पीकिंग.’ त्यात जरा ऊब हवी असेल तर ‘येस, धिस इज सुनीता.’ अमेरिकेतली जुन्या वळणाची माणसं ‘धिस इज शी’ किंवा ‘धिस इज ही’ म्हणतात. ते कानावर आलं तर गोंधळू नका, पण स्वतः म्हणायची गरज नाही. ‘येस, आय ॲम सुनीता ओन्ली’ मात्र नको. तो ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘मीच’मधला ‘च’ आहे आणि इंग्रजी त्याला ओळखत नाही.

समोरचा तोच माणूस आहे का, हे तुम्हाला पडताळायचं असेल तर ‘इज दॅट मिस्टर राव?’ किंवा ‘इज धिस मिस्टर राव?’ ब्रिटिश वळणात तिकडच्या माणसासाठी ‘दॅट’, अमेरिकन वळणात ‘धिस’. दोन्ही बरोबर. ‘आर यू मिस्टर राव?’ हे आधार सेंटरमध्ये फोटो काढताना ठीक आहे.

४. समोरच्याचं नाव विचारणं

‘हू आर यू?’ वर माझी झालेली फजिती सांगितलीच. ‘हू इज टॉकिंग?’ हे ‘कोण बोलतंय?’चं हुबेहूब भाषांतर. इंग्रजीत ते वर्गात पाठ फिरवलेल्या बाईंनी अचानक वळून विचारल्यासारखं वाटतं. ‘व्हॉट डू यू वाँट?’ तर भांडणच.

ही तीन वाक्यं पाठ करा, आयुष्यभर पुरतात:

‘मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?’
‘मे आय हॅव युवर नेम, प्लीज?’
‘अँड मे आय नो व्हेअर यू आर कॉलिंग फ्रॉम?’

तिसऱ्यात गंमत आहे. तिथे ‘फ्रॉम’चा अर्थ बहुतेक वेळा कंपनी असा असतो, गाव असा नाही. कुणी मला हे विचारलं की मी सुरुवातीला इमानानं ‘बेळगाव, उद्यमबाग, खानापूर रोड’ सांगायचे, आणि पलीकडचा कंपनीच्या नावाची वाट बघत बसायचा.

‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ हे ‘शुभनाव’चं इंग्रजी. भावना चांगली आहे, भारतात कुणी हसणार नाही. पण परदेशी माणूस कधीकधी खरोखर विचारात पडतो की याला माझं नेमकं कुठलं नाव हवंय.

५. मिस्टर कुणाला, मॅडम कुणाला

मिस्टर, मिझ, मिसेस हे आडनावाला लागतात, पाळण्यातल्या नावाला नाही. ‘मिस्टर पाटील’ बरोबर, ‘मिस्टर संतोष’ चूक, असं शाळेत सांगतात. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला मात्र हा नियम अर्धाच पुरतो. बेळगाव, चिकोडी, अथणीकडे मराठी असो वा कन्नड, लोक आडनाव लावतात. म्हैसूर-बेंगळूरुकडच्या आणि तमिळ माणसांच्या नावाआधी मात्र गावाची किंवा वडिलांच्या नावाची आद्याक्षरं असतात, आणि मागे उरतं ते त्याचं स्वतःचं नाव. तिथे ‘मिस्टर मंजुनाथ’ हेच बरोबर. त्याला ‘सर, युवर सरनेम?’ म्हणून छळू नका. ‘हाऊ शुड आय ॲड्रेस यू?’ हा प्रश्न कुठेही चालतो.

बायकांसाठी ‘मिझ’ वापरा. त्यात लग्न झालंय की नाही हा प्रश्नच येत नाही. फोनवर तो विचारायचं आपल्याला कारणही नाही.

आवाजावरून बाई की पुरुष हे ठरवायला जाऊ नका. मराठीत आपण सहज निसटतो: ‘किरण पाटील आहेत का?’ यात ‘आहेत’ दोघांनाही चालतं. इंग्रजीत ‘ही’ म्हणालात आणि किरण बाई निघाल्या की संपलं. अशा वेळी पूर्ण नाव घ्या: ‘इज किरण पाटील अव्हेलेबल?’ पुढेही ‘ही-शी’ न म्हणता नावच घेत राहा. ‘सर’ आणि ‘मॅडम’ भारतात चालतात. पण दर वाक्यात दोनदा ‘सर’ ऐकून आमचे एक जर्मन ग्राहक म्हणाले होते की मला सैन्यात भरती झाल्यासारखं वाटतंय.

६. साहेब जागेवर नसतील तर

इथे क्रमाची चूक होते आणि ती भाषेच्या चुकीपेक्षा महागात पडते.

चुकीचा क्रम: ‘मे आय नो हू इज कॉलिंग?’ मग नाव ऐकून थोडं थांबून: ‘सॉरी, ही इज नॉट इन ऑफिस.’ पलीकडच्याला वाटतं, माझं नाव ऐकलं आणि टाळलं. इंग्रजी कितीही गोड असू दे.

बरोबर क्रम: आधी ‘आय ॲम अफ्रेड मिस्टर पाटील इज नॉट ॲट हिज डेस्क’, नंतर ‘मे आय टेक अ मेसेज?’, आणि शेवटी ‘मे आय हॅव युवर नेम, प्लीज?’ नाव सगळ्यात शेवटी.

साहेब आत असतील आणि फोन घ्यायचा की नाही ते नावावर ठरणार असेल, तर ‘लेट मी सी इफ ही इज अव्हेलेबल. मे आय टेल हिम हू इज कॉलिंग?’ म्हणा. मग दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

आपल्या माणसाबद्दल बोलताना ‘माय सर’, ‘अवर मॅडम’ नको. ‘आमचे साहेब’ मराठीत प्रेमाचं आहे, पण बाहेरच्याशी इंग्रजीत बोलताना साहेबही नुसते ‘मिस्टर पाटील’. एकाच ऑफिसात चार पाटील असतील, तर ‘विच मिस्टर पाटील वुड यू लाईक टु स्पीक टु, अकाउंट्स ऑर डिस्पॅच?’ असं खात्यावरून विचारा. आमच्या मेल्टिंग शॉपमधले पाटील आपल्यात ‘जाडे पाटील’ म्हणून ओळखले जातात. एका नव्या मुलानं तेही इंग्रजीत सांगितलं होतं.

साहेब कुठं आहेत याचा सगळा हिशेब देऊ नका. जेवायला गेलेत, बाथरूमला गेलेत, सासऱ्यांच्या बाराव्याला संकेश्वरला गेलेत, यातलं काहीही सांगायची गरज नाही. ‘ही इज अवे फ्रॉम हिज डेस्क’ यात सगळं मावतं. ‘आऊट ऑफ स्टेशन’ आपल्याकडे अजून जोरात चालतं, पण ते गोऱ्या साहेबाच्या काळातलं इंग्रजी आहे, जेव्हा नेमणुकीच्या गावाला ‘स्टेशन’ म्हणत. परदेशी माणसाला वाटतं की साहेब रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभे आहेत. ‘आऊट ऑफ टाऊन’ म्हणा.

७. फोन पुढे जोडून देताना

‘प्लीज होल्ड, आय विल पुट यू थ्रू.’ इतकं बोलून होल्डचं बटण दाबा आणि मगच आत सांगा: ‘मिस्टर पाटील, मिझ अमुक फ्रॉम पुणे ऑन द लाईन.’

बटणाचं मी मुद्दाम लिहितेय. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. इंग्रजी फर्डं, नाव मला दोनदा विचारूनही कळलं नाही. मी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि केबिनकडं तोंड करून ओरडले, ‘साहेब, कोणतरी बाई हाय, नाव धड सांगत नाही.’ हात काढला तर पलीकडून शुद्ध मराठीत, ‘सांगते की हो! मी कराडची.’ पुढची पाच मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही. साहेबांना मात्र अजून आठवतं. तळहातातून सगळं ऐकू जातं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला मराठी येत नाही असं धरून चालणं आपल्या भागात तर शुद्ध वेडेपणा आहे.

८. नाव कळलं नाही तर

लाजू नका, आणि अंदाजानं तर मुळीच लिहू नका. ‘सॉरी, आय डिड नॉट कॅच युवर नेम. कुड यू स्पेल इट फॉर मी, प्लीज?’ नुसतं ‘व्हॉट?’ किंवा ‘हां?’ म्हणू नका. ‘पार्डन?’ चालतं.

दोष नेहमी तुमच्या कानाचा नसतो. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाईन आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा पलीकडे नेते. ‘एस’ आणि ‘एफ’ यांना वेगळं करणारा जो बारीक सुस्कारा असतो, तो बराचसा त्याच्या वर राहतो आणि वाटेतच गळतो. म्हणून ‘एस-एफ’ हे जोडपं हमखास फसवतं. ‘एम-एन’ आणि ‘बी-डी-पी-टी’ यांचीही तीच गत. यावर उपाय म्हणजे अक्षरामागे शब्द. विमानवाले आणि फौजी १९५६ पासून एकच यादी वापरतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माईक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्वेबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यानं आपल्या गल्लीगल्लीत निवृत्त सुभेदार आहेत. त्यातल्या एखाद्याला विचारा, झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. यादी पाठ नसेल तर ‘पी ॲज इन पुणे, टी ॲज इन टायगर’ असं आपल्या मनानं सांगा. फक्त शब्द सगळ्यांना माहीत असलेला घ्या. ‘के ॲज इन कुंदा’ म्हटलं तर आपल्या तोंडाला पाणी सुटेल, पण हॅम्बुर्गला काही कळणार नाही.

आता आपल्या भागाची खास डोकेदुखी: ‘एच’. मराठी माणूस ‘त’साठी इंग्रजीत नुसता ‘टी’ लिहितो. कर्नाटकात ‘टीएच’ लिहायची पद्धत आहे. त्यामुळे माझ्या मार्कशीटवर एक सुनीता आहे आणि दुसऱ्या एका कागदावर ‘एच’वाली सुनीथा आहे. गीता, लता, सविता या सगळ्यांचं हेच. फोनवरचा बेंगळूरुचा माणूस तुमच्या नावात न विचारता ‘एच’ घालतो, आणि पुढे बिलावर, तिकिटावर, बँकेत ते नाव तुमच्या कागदाशी जुळत नाही. म्हणून नाव सांगून झालं की लगेच जोडा: ‘देअर इज नो एच इन इट.’ किंवा असेल तर ‘विथ ॲन एच आफ्टर द टी.’ उलट बाजूनं, दक्षिणेकडच्या गीतांना तुम्हीही आठवणीनं विचारा, ‘इज दॅट विथ ॲन एच?’ आवाज ऐकूनच लक्षात येतं की हे कुणी सहसा विचारत नाही. वडगावचे लोक ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मध्ये अडकतात, तेही असंच आधी सांगून टाका.

९. गाव आणि नंबर सांगताना

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं. बाहेरच्या अनेकांच्या यादीत अजून जुनं ‘बेलगाम’ आहे. घरात आपण बेळगावच म्हणतो. फोनवर वाद न घालता दोन्ही सांगा: ‘बेळगावी, फॉर्मरली बेलगाम, इन कर्नाटका.’ खानापूरच्या लोकांनी जिल्हा सांगायला विसरू नये. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे आणि आमचे दोन पार्सल आधी तिकडे फिरून आलेत. शहापूरचंही तसंच, शहापूरं महाराष्ट्रातही आहेत आणि कर्नाटकातही.

परदेशी माणसाला लँडलाईन देताना ०८३१ मधलं सुरुवातीचं शून्य गाळा: ‘प्लस नाईन वन, एट थ्री वन’ आणि पुढचा नंबर. आकडे दोन-तीनच्या गटात सांगा, मध्ये थांबा, आणि समोरच्याला परत म्हणायला लावा: ‘कुड यू रीड दॅट बॅक टु मी, प्लीज?’ ‘डबल’, ‘ट्रिपल’ आपल्याकडे आणि इंग्लंडात कळतं, अमेरिकेत अडखळतात. तिथे सरळ ‘नाईन नाईन नाईन’ म्हणा. स्पेलिंग सांगताना तर ‘डबल’ जपून. ‘डबल यू’ म्हणजे दोन ‘यू’ की ‘डब्ल्यू’, हे आमच्या डिस्पॅचला एकदा कळलं नव्हतं.

१०. रॉंग नंबर आणि संशयी फोन

तुमच्याकडे चुकून आला तर ‘आय थिंक यू हॅव द रॉंग नंबर’ एवढंच. ‘कुठला नंबर लावलाय?’ असं ‘व्हॉट नंबर आर यू कॉलिंग?’ विचारता येतं, पण आपला नंबर आपण होऊन सांगू नका. तुमच्याकडून चुकून लागला तर ‘सॉरी, रॉंग नंबर’ म्हणा. काही न बोलता फोन आदळणं कुठल्याच भाषेत बरं नाही.

इंग्रजी ऐकून दबून जाऊ नका, हे विशेष करून घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा. ‘धिस इज युवर बँक मॅनेजर’ असं फर्ड्या इंग्रजीत म्हणणारा मॅनेजर असेलच असं नाही. तो आधी तुमचं नाव, खातं, जन्मतारीख विचारत असेल तर प्रश्न उलटा फिरवा: ‘मे आय हॅव युवर नेम, डिपार्टमेंट अँड ब्रँच, प्लीज?’ मग ‘थँक यू, आय विल कॉल द ब्रँच मायसेल्फ’ (इथे ‘मायसेल्फ’ अगदी बरोबर आहे) आणि फोन ठेवा. शाखेचा नंबर पासबुकावरून घ्या, त्यानं दिलेला नको. ओटीपी कुणालाच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. नम्रपणा इथे सोडला तरी चालेल.

११. सराव

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी पहिला आठवडा बाहेरचा फोन देत नाही. संध्याकाळी पाचनंतर स्टोअरमधून इंटरकॉमवर मीच त्याला फोन करते. कधी कोईमतूरचा ग्राहक होते, कधी घाईतली ट्रान्सपोर्टवाली, कधी नाव पुटपुटणारी बाई. तो वहीत लिहितो: नाव, स्पेलिंग, कंपनी, नंबर, वेळ, निरोप. मग मी जाऊन वही बघते. तुमच्याकडे इंटरकॉम नसेल तर भावाला दुसऱ्या खोलीतून मोबाईल लावायला सांगा, पण दोघांनी एकमेकांकडं बघायचं नाही. तोंड दिसलं की सगळ्यांनाच इंग्रजी येतं. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचीच शरम वाटते, चौथ्यांदा कुठं घाई होते ते कळायला लागतं. बहुतेकांची ती स्वतःच्या नावावरच होते.